परडीतली कणीक

जपाची माळ बोटांत तशीच आहे, पण नाम कुठल्याशा मण्यापाशी निसटलंय. शरयूला ते कळतंय, आणि तरीही मागे जाऊन ते शोधावंसं वाटत नाहीये. स्वयंपाकघराच्या फरशीवर चटई टाकून ती ओट्याच्या पायथ्याशी कलंडली आहे. टळटळीत दुपार. दिवसा पाठ टेकायची नाही हा तिचा जुना नेम, म्हणून ती स्वतःलाच समजावते आहे की मी निजलेले नाही, नुसती आडवी झालेय, कणीक फुगेपर्यंत. डोळे मिटलेत, पण कान उघडे आहेत. खालच्या मजल्यावर मोहितेवहिनींचा मिक्सर घरघरतोय. पंख्याचं एक पातं दर फेरीला कुरकुरतंय. आणि वर ओट्यावर, ओल्या पंच्याखाली, फुलांच्या जुन्या परडीत कणीक आपली आपण वर येते आहे. फुगताना ती आवाज करते असं मोरेश्वरराव म्हणायचे. कान लाव, ऐकू येईल. शरयूनं कधी कान लावला नव्हता. आज लावतेय, तर मधे मिक्सर येतोय.

उद्या त्यांचं वर्षश्राद्ध.

ही कणीक पोळ्यांची नव्हे, पावाची. शरयूच्या हातचा हा पहिलाच पाव. एरवी हे खातं मोरेश्वररावांचं. ते कारखान्यात होते तेव्हा कंपनीनं त्यांना एका नव्या यंत्राचं काम शिकायला इटलीला धाडलं होतं. तिथल्या एका खेड्यात पिएरीना नावाच्या म्हाताऱ्या बाईंकडे ते उतरले होते. यंत्र पुढे भंगारात गेलं, पण त्या बाईंच्या घरचा गावठी पाव, वरून खरपूस, कडक, आतून मऊ आणि जाळीदार, तो काही यांच्या जिभेवरून उतरला नाही. निवृत्त झाल्यावर साताऱ्याच्या या दोन खोल्यांच्या घरात त्यांनी तो करायला घेतला. सुरुवातीचे कितीतरी पाव दाराला अडसर म्हणून लावण्याच्या लायकीचे झाले. मग एकदाचा जमला, आणि मग घरात रविवारचा वासच बदलला.

त्याचं विरजण बरणीत असायचं. त्याला रोज थोडं पीठ आणि पाणी घालून जिवंत ठेवायचं. "पिएरीनाबाई त्याला आई म्हणायच्या," मोरेश्वररावांनी सांगितलं होतं. "आपण बंडू म्हणू." मूलबाळ नसलेल्या त्या घरात मग रोज सकाळी हाक यायची, "बंडू जेवला का गं?" शरयू आधी रागवायची. पुढे पुढे पूजा आटपता आटपता उत्तर द्यायला लागली, "जेवला हो, तुमच्याआधी जेवला."

परडीवरून मात्र चांगलंच वाजलं होतं. पाव फुगायला वेताची टोपली लागते म्हणून त्यांनी एके दिवशी तिची पूजेची परडीच पळवली. आत तांदळाची पिठी भुरभुरली आणि कणीक ठेवून दिली. शरयूनं अबोला धरला. शेवटी देवाला नवी परडी आली, जुनी पावाच्या वाट्याला गेली. तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक पावावर तिच्या परडीच्या विणीचे वळसे उमटायचे.

आणि तिची बोटं. ही कणीक आदल्या संध्याकाळी मळून रात्रभर ठेवावी लागते. शरयूच्या आईनं तिला लहानपणीच सांगून ठेवलं होतं, की मळलेला गोळा रात्रभर तसाच ठेवू नये, तो पिंडासारखा दिसतो. गेलेल्या माणसाला वाटतं, आपल्यासाठीच ठेवलाय, आणि ते दाराशी येऊन उभं राहतं. ठेवायचीच वेळ आली तर त्यावर चार बोटं उमटवावीत, म्हणजे तो पिंड राहत नाही, घरच्यांचं अन्न होतो. म्हणून मोरेश्वररावांची पाठ वळली की शरयू फ्रीज उघडून हळूच बोटं दाबायची. सकाळी ते गोळा बाहेर काढून बघत राहायचे. "चोर येऊन गेलेला दिसतो. चार बोटांचा आहे." मग काही दिवसांनी ते स्वतःच गोळा तिच्यापुढे धरायला लागले. "घ्या बाईसाहेब, सही करा, म्हणजे ठेवून देतो."

काल संध्याकाळी शरयूनं कणीक मळली, गोळा केला, आणि बोटं उमटवली नाहीत. विसरून नव्हे. जाणूनबुजून.

कारण दहाव्याला कावळा शिवला नव्हता. त्यांच्यात बायका घाटावर जात नाहीत, तेव्हा हे तिनं डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पुतण्या निरंजन इचलकरंजीहून येऊन सगळं करत होता. माहुलीच्या संगमावरून परतल्यावर त्यानं खाली मान घालून सांगितलं, ऊन डोक्यावर येईपर्यंत वाट बघितली काकू, काय काय कबूल केलं, शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. तसंही चालतं म्हणाले. चालत असेल. पण तेव्हापासून तुळशीला पाणी घालताना, सहस्रनाम म्हणताना, एकटीपुरता मूठभर तांदूळ धुताना शरयूच्या मनात एकच घोळत राहिलंय. त्यांचं काय राहिलं? कशात जीव अडकला? विचारायला घरात माणूस नाही. देवाला विचारलं तर देव ऐकून घेतो.

शेवटी उत्तर तिचं तिनंच काढलं. त्यांच्या हातचा पाव तिनं कधी तोंडात घातला नव्हता. फार वर्षांपूर्वी त्यांना हृदयाचा झटका आला, तेव्हा दवाखान्याच्या बाकावर बसून तिनं महादेवाला सांगितलं होतं, यांना उठव, मी जन्मात शिळं खाणार नाही. ते उठले. आणि आदल्या दिवशी मळलेल्या कणकेचा पाव तिच्या लेखी शिळाच. "इडलीचं पीठ आदल्या दिवशी वाटलेलं चालतं, आणि पाव नाही?" मोरेश्वरराव वाद घालायचे. "वाटणं वेगळं, मळणं वेगळं," ती म्हणायची. मग ते एकटेच ओट्याशी उभे राहून गरम पावाला लोणी लावून खायचे. मोठा पाव, आणि खाणारा एक माणूस.

तेच राहिलं असणार. म्हणून आज हा पाव. उद्या तो गच्चीवर कावळ्यासाठी ठेवायचा. आणि त्याआधी, गोळ्याला भुलून ते दाराशी आलेच, तर त्यांच्याच तोंडून ऐकायचं.

खालचा मिक्सर थांबतो. पंख्याचं पातंही कुरकुरायचं थांबतं, पण वारा येतोच आहे. मोरीत कोणीतरी हात धुतंय. कोपरापर्यंत, सावकाश, घाई नसलेल्या माणसासारखं.

"पाणी किती घातलंस?"

शरयू डोळे उघडत नाही, तरी तिला दिसतं. मोरेश्वरराव ओट्याशी उभे आहेत. अंगात बनियन, कमरेला तिच्या जुन्या सुती पातळाचा तुकडा गुंडाळलेला. पंच्याचं एक टोक उचलून परडीत डोकावतायत.

"हाताला लागेल तेवढं," ती म्हणते.

"हाताला लागेल तेवढं पोळ्यांना. याला मोजून घालायचं असतं. किती वेळा सांगितलंय."

"मला कशाला सांगत होतात? मी कुठे करत होते?"

"ऐकत तर होतीस." ते बोटानं कडेनं चाचपतात. "वाईट नाही. जरा सैल आहे. पिएरीनाबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, पोरी, ही कणीक आहे की कढी?"

तिला हसू येतं. वर्षभरात या घरात कोणी तिला नावं ठेवलेली नाहीत. मोहितेवहिनी येतात त्या हळू आवाजात बोलतात. निरंजन फोनवर 'तब्येतीला जपा काकू' म्हणतो. कढी म्हणायला कोणी नव्हतं.

"अहो, मला एक विचारायचंय."

"विचार की. पण जरा वर सरक, पदर भिजेल."

ती खाली बघते. फरशी ओली आहे. ओटा लांबत लांबत गेलाय, त्याच्या काळ्या कडप्प्याच्या पायऱ्या झाल्यात, एकीखाली एक, आणि शेवटच्या पायरीला पाणी लागलंय. कृष्णा आणि वेण्णा मिळतात तिथलं पाणी, हिरवट आणि संथ. पायऱ्यांवर पिठी सांडलीय, कोणी चाळणीतून चाळावी तशी एकसारखी, आणि तिच्यावर एकाही पावलाचा ठसा नाही.

खालच्या पायरीवर निरंजन पाठमोरा बसलाय, ओल्या धोतरात. शेजारी गुरुजी. मागे आणखी काही माणसं. सगळ्यांच्या माना वर, झाडाकडे. समोर पत्रावळीवर पिंड आहे, गोल, पांढरा, एकही बोट न उमटलेला. झाडावर कावळे दाटीवाटीनं बसलेत आणि कुणाचाच आवाज नाही. शरयूनं हे कधी पाहिलेलं नाही, तरी असंच असणार हे तिला ठाऊक होतं. वर्षभर तिनं हे इतक्यांदा मनात उभं केलंय, की निरंजनच्या धोतराची ओली निरीसुद्धा ओळखीची वाटते.

मोरेश्वरराव तिच्या शेजारी उभे आहेत. हात मागे बांधून, एस.टी. उशिरा येणार हे आधीच माहीत असलेल्या माणसासारखे.

"ऐक, काय काय कबूल करतोय," ते तिच्या कानाशी म्हणतात.

निरंजननं हात जोडलेत. "काका, काकूंना अंतर देणार नाही." कावळे हलत नाहीत. "काका, त्यांना एकटं पडू देणार नाही." कावळे हलत नाहीत. निरंजन घाम पुसतो, जरा विचार करतो. "काका, तुमची स्कूटर विकणार नाही."

"बघ बघ, तो टोकाचा हलला," मोरेश्वरराव म्हणतात.

"थट्टा काय करताय!" शरयू चिडते. "पोरगं उन्हात बसलंय. ते गुरुजी उपाशी बसलेत. आणि तुम्ही इथे उभे राहून मजा बघताय. का नाही शिवलात? काय राहिलं होतं तुमचं? पावच ना? मी तुमच्या हातचा पाव कधी खाल्ला नाही, तेच ना?"

ते वळून तिच्याकडे बघतात. खरंच नवल वाटल्यासारखे.

"तू खाल्ला नाहीस म्हणून तर एवढी वर्षं काढली मी. तुझ्या ताज्या पोळीवर टांगलेला होतो. मी त्याची तक्रार करीन होय?"

"मग?"

"मग काय? शिवणार कसा? मी इथे नव्हतोच."

"नव्हतात?" तिचा आवाज पाण्यावरून जातो आणि परत येत नाही. "मग होतात कुठे?"

ते पायऱ्या चढायला लागलेत. चढताना ते गुडघ्यावर हात ठेवत नाहीत, हे तिच्या लक्षात येतं. पूर्वी जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबायचे. ती मागून जाते. पदराचा काठ पिठीनं पांढरा होतो.

वरच्या पायरीला एक ठेंगणं दार आहे. आत काळोख, उबदार, आणि भाजलेल्या गव्हाचा वास. भट्टीसमोर काळ्या झग्यातली एक म्हातारी पाठमोरी उभी आहे. हातातल्या पात्यानं ती पावावर आडवी उभी चीर देते, क्रुसाची खूण करते आणि मग पाव आत सरकवते. पिएरीनाबाई पाव भट्टीत घालण्याआधी देवाची खूण करतात, हे मोरेश्वररावांनी सांगितलं तेव्हा शरयू म्हणाली होती, म्हणजे नैवेद्यच की हो. म्हातारी मागे वळत नाही. लग्नघरात ओळखीच्या बाईला जागा करून द्यावी तशी नुसती बाजूला सरकते. शरयू तिच्यामागून पुढे होते, आणि ते तिचंच स्वयंपाकघर आहे.

फक्त आजचं नाही. भिंतीवर गेल्या वर्षीचं कॅलेंडर आहे. देव्हाऱ्याचा पडदा ओढलेला, सुतकात देवांना हात लावायचा नाही म्हणून. बाहेरच्या खोलीत सोबतीला आलेल्या मोहितेवहिनी भिंतीला टेकून पेंगतायत. आणि इथे, फरशीवर, एक बाई बसलीय. पाठ वाकलेली, कपाळ मोकळं, मांडीत बरणी.

"ही मीच," शरयू म्हणते.

"हो."

"हा दहावा."

"हो. सगळे घाटावर गेलेत."

फरशीवरची बाई बरणीचं झाकण काढते. ते गेल्यापासून बंडूकडे कोणाचं लक्षच गेलं नव्हतं. वर काळपट पाणी सुटलंय, आंबूस वास येतोय, बुडबुडा एकही नाही. बाई ते पाणी ओतून टाकते. चमच्यानं पीठ घालते, कोमट पाणी घालते, ढवळते. पीठ मांडीवर सांडतंय, तिला पर्वा नाही. ढवळता ढवळता ती काहीतरी पुटपुटते. शरयूला आपले शब्द आठवतायत, तरी ती कान देऊन ऐकते.

"जेव रे बाबा. तिकडे ते उपाशी, इकडे तू उपाशी. एकानं तरी जेवून घे."

बरणीत, अगदी तळाशी, एक बुडबुडा सुटतो.

"पोटभर जेवलो," मोरेश्वरराव म्हणतात.

शरयू बरणीकडे बघते, मग त्यांच्याकडे.

"मग घाटावर जाऊन काय करू? जेवून उठलेल्या माणसाला कोणी परत पानावर बसवतं का? आणि कावळ्यानं तरी खोटं का वागावं?"

"मला कळलंच नाही हो. वर्षभर मी नुसती..."

"मला तरी कुठे सांगता येत होतं?" ते म्हणतात. "आणि मीठ का घातलं नाहीस म्हणून विचारणार होतो, पण विरजणात मीठ घालत नाहीत हे तुला ठाऊक होतं. बघ, ऐकत होतीस."

कॅलेंडर आता यंदाचं आहे. मांडीत बरणी घेतलेली बाई उठून गेलीय, किंवा शरयूच तिच्या जागी बसलीय. खिडकीतून उतरतं ऊन ओट्यावर आलंय आणि परडीवरचा पंचा मधोमध फुगलाय.

"आता मला एक सांग," मोरेश्वरराव म्हणतात. "काल बोटं का नाही उमटवलीस?"

ती खाली बघते. शाळेत गृहपाठ न केलेल्या मुलीसारखी. "तुम्ही यावं म्हणून."

"आलो."

"मग राहा ना."

ते पंचा काढून घडी करतात. घडी नेहमीसारखी वाकडी होते. ती हात पुढे करते, ती नीट करायला, पण हात तिथपर्यंत पोचत नाही.

"असा गोल गोळा ठेवलास की मला यावंच लागतं गं. नाही म्हणायची सोय नाही. दाराशी येतो आणि उभा राहतो. आत पाऊल टाकता येत नाही, मागे फिरता येत नाही. काल ठेवलास तेव्हापासून उभा आहे. मोहित्यांचं मांजर दोनदा जिन्यात आलं आणि मला बघून शेपूट फुलवून पळालं."

"पाय दुखले असतील," ती म्हणते.

"दुखत नाहीत. तेच तर."

शरयू त्यांच्या पावलांकडे बघते. पावलं उंबऱ्याच्या आत आहेत की बाहेर, ते तिला कळत नाही. दारही मघाचं नाही, ते ओट्याच्या अगदी जवळ आलंय.

"बोटं उमटवली तर तुम्ही येणार नाही," ती म्हणते.

"नाही."

"मग मी बोलू कोणाशी? देवाशी बोलते, बंडूशी बोलते. दोघंही नुसतं ऐकून घेतात."

"बंडू बुडबुडे काढतो की."

"अहो!"

"बरं, बरं." ते हसतात. "मोहितेवहिनी बिचाऱ्या सोबतीला येतात आणि तू त्यांच्या हातात चहाचा कप देऊन पोथी उघडतेस. त्यांना बोलायचं असतं गं. या पावाचा तुकडा ने खाली. फार सैल झालाय म्हणतील. म्हणू देत. जरा भांड त्यांच्याशी."

"त्यांना काय कळतंय पावातलं?"

"हां, हे असं. हेच त्यांच्यासमोर म्हण."

तिला परत हसू येतं. डोळे पुसायला पदर उचलते तर पदरावरची पिठी नाकाला लागते.

"आणि तूही खा," ते म्हणतात. "गरम असताना."

"माझा नेम आहे."

"कोणासाठी?"

ती पदरावरची पिठी झटकायला लागते.

"मी काय आता पुन्हा मरणार आहे?"

"असं अभद्र बोलू नये. उद्या श्राद्ध आहे," ती म्हणते, आणि आपण काय बोललो ते कळून दोघंही एकदम हसतात, पूर्वी सत्यनारायणाच्या कथेत भलत्या जागी हसू फुटायचं तसं, तोंडावर हात धरून.

हसू ओसरल्यावर त्यांनी तांदळाच्या पिठीत अंगठा बुडवलेला असतो. "वेळ झाली का बघू," असं म्हणून ते तो कणकेत दाबतात. खोल, अर्ध्या पेरापर्यंत, आणि काढून घेतात.

"बघत राहा. खळगा लगेच भरून आला तर कणीक अजून कच्ची. भरलाच नाही तर उतरली, मग काही खरं नाही. आणि सावकाश, अर्धामुर्धा भरून आला तर..."

"तर काय?" तिला हे पाठ आहे. ते बोलत राहावेत म्हणून ती विचारते.

तिला त्यांचं तोंड नीट बघायचं असतं, पण ते खिडकीच्या बाजूला आहेत आणि ऊन फार आहे.

"तर उठायचं," ते म्हणतात.

पंख्याचं पातं कुरकुरतंय.

माळ छातीवर आहे, हात पोटावर. खाली मोहितेवहिनी मिक्सरचं भांडं विसळतायत, नळाचा आवाज येतोय. शरयू तशीच पडून राहते. मग कुशीवर होते, ओट्याच्या कडेला धरून उठते. गुडघे दुखतात. मोरीजवळची फरशी कोरडी आहे. स्वयंपाकघराचं दार जिथे असायचं तिथेच आहे, उघडं, आणि त्यात कोणी नाही.

परडीवर पंचा तिनं घातला होता तसाच आहे, चारी टोकं आत खोचलेली. ती एक टोक सोडवते. मग सगळा पंचा काढते.

कणीक परडीच्या काठाला लागलीय. आणि मधोमध अंगठ्याचा एक खळगा आहे. रुंद, खोल, काठावर पिठी लागलेला.

शरयू आपला अंगठा उन्हात धरून बघते. त्याला पीठ नाही. माळेचे मणी दाबून उमटलेले लहान लहान वळ आहेत, तेवढेच. तो खळग्यात टेकवून बघावा असं मनात येतं. ती टेकवत नाही. हात मागे घेते आणि नुसती बघत उभी राहते.

खळग्याचा तळ वर येतोय. डोळ्यांना दिसत नाही, पण थोड्या वेळानं पाहिलं की मघापेक्षा उथळ असतो. सावकाश. काठावरची पिठी आत ओढली जातेय. हा भरूच नये, असं तिला वाटतं. फ्रीजमध्ये ठेवून दिला तर थांबेल, उद्यापर्यंत राहील, निरंजनला दाखवता येईल. ती परडीला हात घालते, उचलतेसुद्धा. मग पुन्हा खाली ठेवते.

ती ओव्हन लावते. झाकणाचं जड बिडाचं भांडं आत तापायला सरकवते, ते करायचे तसं. मग मांडणीतून स्वतःसाठी एक ताटली काढते. जरा थांबून आणखी एक काढते, खाली न्यायला.

परडीपाशी परत येते तेव्हा खळगा अर्धामुर्धा उरलाय.

शरयू चार बोटं पिठीत बुडवते. हात कणकेवर धरते. हात खाली जात नाही. अजून थोडा वेळ, अजून एक दुपार, असं काहीतरी तिच्या मनात येतं, आणि ती ते येऊ देते, जाऊ देते. दाराकडे बघायचं नाही असं तिनं ठरवलंय, आणि ती बघत नाही.

"उभे राहू नका हो आता," ती म्हणते, आणि अंगठ्याच्या खुणेशेजारी आपली चार बोटं टेकवते.